हराळीच्या काशा

आमचं परसदार म्हणजे नुसतं हराळीचं रान झालं होतं. भूम गावात घर बांधून होईपर्यंत हात इतका आखडला, की नवी माती आणायची भाषा कुणी काढलीच नाही. आहे तीच माती खणायची, वाळवायची, चाळायची आणि तिचेच वाफे करायचे, असं मी ठरवलं. शेतकऱ्याची लेक मी! हराळीच्या काशा, म्हणजे मातीखाली पळणाऱ्या त्या चिवट पांढऱ्या मुळ्या, मला लहानपणापासून माहीत. बोटभर तुकडा राहिला तरी फुटतो. माहेरी, ईटला, आई काशा बांधावरसुद्धा टाकायची नाही. वाळवून जाळायची.

उन्हाळ्यात पंधरा दिवस खपले. चाळणीतून पडली ती बारीक माती माझ्या वाफ्यात गेली. वर उरली ढेकळं, त्यांच्या पोटात काशा, अजून ओल्याच. त्या वेचायच्या म्हणजे आणखी आठवडा, आणि कंबर तर पार कामातून गेली होती.

भिंतीपलीकडं एक मावशी राहतात, एकट्याच. मेथी-कोथिंबीर लावतात, आठवडी बाजारात विकतात, त्यावरच त्यांचं घर चालतं. त्यांच्या वाफ्यालगत खळगा होता, पाणी साचायचं. भरावाला माती उरली तर सांगा, असं त्या म्हणाल्या होत्या. मी घमेल्यावर घमेली ओतली.

"काशा न्हाईत नव्हं?" त्यांनी विचारलं.

"छे हो, चाळलेली माती आहे."

चाळलेली होतीच की! चाळणीखालची माझ्याकडं, चाळणीवरची त्यांच्याकडं. दिसू नये म्हणून वरून दोन घमेली बारीक माती पसरायलाही विसरले नाही मी. एवढी अक्कल बरी सुचली.

श्रावणात त्यांच्या मेथीत हराळी घुसली. उपटली की चार दिवसांत पुन्हा हजर. लागोपाठ दोन बाजार मावशी गेल्याच नाहीत, न्यायला जुड्याच नव्हत्या. "शेणखतातनं आली जणू," त्या म्हणाल्या. मी "असेल" म्हणाले.

मग एका सकाळी त्या खुरपं घेऊन माझ्या मागच्या दारात.

"बाई, माझ्याकडली हराळी भिंतीखालनं तुमच्या वाफ्यात शिरायली. लई वंगाळ वाटतंय बगा. किती मेहनत केली तुमी!" आणि बसल्याच खाली, खुरपायला.

"मावशी, राहू द्या हो."

"आसं कसं? माझ्यामुळं तुमाला तरास."

शरमेनं माझे कान तापले. आत्ता बोल, आत्ता बोल, असं मनात चाललं होतं, आणि तोंडातून निघालं काय? "चहा ठेवते."

दुसऱ्या दिवशी मीच खुरपं घेऊन पलीकडं गेले. तुम्ही माझ्याकडं केलंत, आता मी तुमच्याकडं करते, सावड म्हणून, असं सांगितलं. दहा दिवस रोज सकाळी तो खळगा वीतभर खोल उकरून काशा वेचल्या, जाळल्या. मावशी गल्लीत जो भेटेल त्याला सांगत होत्या, "आशी शेजारीण नशिबानं मिळती." मी मान खाली घालून वेचत राहिले.

गौरी-गणपतीच्या सुमाराला त्यांची मेथी पुन्हा उभी राहिली. बाजाराला निघताना त्या आधी माझ्या दारात आल्या.

"पयली जुडी तुमची," म्हणाल्या.

मी घेतली. अजून त्यांना सांगितलेलं नाही.