कार्टर पोस्ट आणि ओव्हाळ फाटा

वडील टायरच्या बैलगाडीनं साखर कारखान्याला ऊस ओढायचे. हंगामभर आमचं बिऱ्हाड पाचटाच्या कोपीत. आम्ही बौद्ध. गावोगावी लोक आधी आडनाव विचारायचे, ते कळलं की पाण्याचा तांब्या वरून धरायचे. त्या घरातून मी केजला बी.ए. झालो, घरातला पहिला, आणि फौजेत गेलो. आमच्या गल्लीतला सुभाष ओव्हाळ आधीच भरती झालता.

दोघांची पोस्टिंग एकाच बर्फाळ चौकीवर आली. कार्टर पोस्ट. फार पूर्वी तिथं मेलेल्या इंग्रज अफसराचं ते आडनाव. खालचा नाला कार्टर, रसद आणणारं खेचर कार्टर, वायरलेस सेटवर आम्हीही कार्टर. सकाळचा पहिला चहा त्याच्या नावाच्या दगडापाशी ठेवल्याशिवाय कुणी आपला मग तोंडाला लावत नसे.

एकदा चहा ठेवायची पाळी सुभाषची होती. मी त्याला सांगितलं, कार्टर म्हणजे गाडीवान. धंद्यावरून लोकांनी हाक मारली, तेच पुढं आडनाव झालं. आता तिकडं लेकरांचं पाळण्यातलं नावही कार्टर ठेवतात.

"म्हंजे ह्याचे वाडवडील बी आपल्या बापावानी गाडी हाकायचे?"

"हो."

"अन् ह्याला कुणी तांब्या वरून न्हाई धरला." त्यानं चहाचा मग दगडापाशी ठेवला. "घे बे कार्टर. जातभाई हाईस."

त्याच हिवाळ्यात शेजारच्या चौकीच्या गस्तीला गाठायला लिंक पेट्रोलवर निघालो. नुकताच नायक झालेला सुभाष पुढं, बर्फातून वाट काढत. नाल्यावर हिमकडा सुटला. सुभाषला खणून काढलं तेव्हा श्वास नव्हता. सेट माझ्याकडं होता. सेटवर जवानाचं नाव घेत नाहीत.

"कार्टर का एक जवान गया. ओवर."

"रॉजर, कार्टर. आउट."

सुभाषच्या मरणाच्या बातमीत दोनदा नाव आलं. दोन्ही वेळा इंग्रजाचं.

गावानं फाट्याला पाटी लावली: शहीद सुभाष फाटा. पेन्शनीवर आल्यावर मी सरपंचांना विचारलं, आडनाव कावून न्हाई?

"फौजी, शहीद साऱ्या गावाचा असतो. आडनाव लावलं की एका वस्तीचा होतो."

"चौकाला तुमच्या आजोबांचं नाव आडनावासकट हाय."

"ते येगळं."

मग सुभाषच्या आईला घेऊन मी दर ग्रामसभेला उभा राहिलो. ती दरवेळी एवढंच म्हणायची, "लेकराच्या छातीवर जे नाव व्हतं, ते लिवा."

गेल्या वर्षी पाटी बदलली. त्या सकाळी फाट्यावरच्या हॉटेलातला पहिला चहा मी पाटीखाली ठेवला. जीपवाले अजून 'सुभाष फाटा'च ओरडतात. पाटीवर 'नायक सुभाष ओव्हाळ फाटा' लिहिलेलं आहे.