जमादारांची चाल

अमडापूरच्या मामांनी शिकवले, म्हणून मी बी.ए. होऊन नांदुऱ्यात मास्तर झालो.

तिथे स्टेशनाबाहेर माझ्यासमोर एका व्यापाऱ्याची थैली हिसकावून चोर पळाला. तेव्हापासून पोलीस ठाण्याचे जमादार रोज माझ्या खोलीवर येऊ लागले. टोपी मांडीवर ठेवून ते विचारायचे आणि प्रत्येक उत्तरावर म्हणायचे, “हाव, आन्खी?” कधी रागावले नाहीत. मला आठवेना, तेव्हा स्वतःच चोर होऊन अंगणात धावले.

“कसा पयाला, मास्तर? असा, का असा खांदा पाडून?”

“खांदा पाडून,” मी म्हणालो. ते लहान मुलासारखे खूश झाले.

ओळख परेडीत एक माणूस खांदा पाडून उभा होता. मी बोट उचलले आणि तसेच खाली घेतले. जमादारांनी बाहेर मला चहा पाजला. “घाबरू नका, उद्या आन्खी पाहू.”

घरी येऊन मामांना लिहिले:

“ती. मामांस शि. सा. न. चोर आठवू गेलो की जमादारच थैली घेऊन पळताना दिसतात. परेडीतला माणूस जेलात जाईल की घरी, ते माझ्या बोटावर आहे. तुम्ही खरे सांगायला शिकवलेत. जमादार फार भले आहेत. त्यांना हे कसे सांगू?”