बाहीचा स्पर्श

निमंत्रित खेळाडूंची स्नूकर स्पर्धा पाहायला थोरल्या भावाने मला जिमखान्यात ओढूनच नेलं. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण हिरव्या टेबलावरचा तो उजेड आणि भोवतीची ती शांतता पाहून मीही गप्प बसले.

उपांत्य सामन्याची शेवटची फ्रेम, म्हणजे निर्णायक डाव, चालली होती. काळ्या जाकिटातला उंच खेळाडू टेबलावर ओणवा झाला, त्याने काठी मागे घेतली आणि चेंडू न मारताच तो सरळ उभा राहिला.

“फाउल,” तो पंचांना म्हणाला. “माझी बाही गुलाबी चेंडूला लागली.”

पंचांना काहीच दिसलं नव्हतं. तरी त्यांनी मान डोलावली. तो मुकाट्याने आपल्या खुर्चीत जाऊन बसला आणि समोरच्याने उरलेले चेंडू एकेक करून आत घातले.

“कुणाला कळलं असतं?” मी कुजबुजले.

“त्याला कळलं ना,” भाऊ टेबलावरची नजर न काढता म्हणाला. “इथे असंच असतं.”

चेंडू तर जागचा हललाही नसेल. देवापुढे हात जोडतानाही आपण थोडी स्वतःची बाजू सांभाळूनच बोलतो, आणि हा माणूस कापडाच्या ओझरत्या स्पर्शाची कबुली देऊन मोकळा झाला होता.

शेवटचा चेंडू पडला. जिंकलेल्याने हात उंचावले नाहीत; तो आधी त्या खुर्चीपाशी गेला. सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या कुणासाठी आहेत, हे मात्र मला भावाला विचारावं लागलं नाही.