मंगळाची मुक्कामी गाडी

प्रवाशांनी कृपया इकडं लक्ष द्यावं. माणूस मंगळ ग्रहावर सन २०६१ मध्ये, पावसाळा सरल्यावर उतरेल. तोपर्यंत चौकशीच्या खिडकीवर कुणीही गर्दी करू नये. लेकरं, म्हातारी माणसं आणि सामान सांभाळावं.

ही घोषणा थट्टेवारी नेऊ नका. ती परंड्याच्या स्टँडवरच्या फळ्यावर, बार्शी आणि कुर्डुवाडीच्या गाड्यांच्या खाली, खडूनं लिहिलेली होती आणि लिहिणारे होते कंट्रोलर आप्पा. जगातले मोठमोठे विद्वान जे सांगताना चाचरतात ते आप्पांनी चहाचा एक कप संपायच्या आत सांगून टाकलं. गावानं ते मानलं. मी मानलं नाही. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो, आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

आता लपवून काय करायचं? मी त्या माणसावर वर्षानुवर्षं जळलो. अगदी मनापासून, नेमानं, रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन जळलो. लोकांना वाटायचं, सरांची आणि आप्पांची फार दोस्ती आहे.

आप्पा अंगानं बारीक. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खाकी सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कायम बंद पडलेलं. मूळचे उमरग्याकडचे, त्यामुळं मराठी बोलता बोलता मध्येच कानडी उगवायची. गाडीची वाट बघून कुणी कावलं की म्हणायचे, "बरतद, बरतद." म्हणजे येते, येते. पण नुसतं 'येते' म्हणून सोडायचे नाहीत. 'माहीत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकले नाहीत. "आप्पा, कुर्डुवाडी?" असं विचारलं की ते चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकानं पुसायचे, आणि नुकत्याच आलेल्या ड्रायव्हरला हाक मारायचे, "वाटेत काय हाय?" तो सांगायचा, उसाची ट्रॉली आडवी झाली आहे, नाहीतर वरात चालली आहे. आप्पा चष्मा डोळ्यांवर चढवायचे आणि म्हणायचे, "पाच वाजून दहा." पाच वाजून आठ मिनिटांनी गाडी फाटकातून आत.

त्यातलं गुपित त्यांनीच मला सांगितलं होतं. "थोडी उशिराचीच वेळ सांगावी, सर. लवकर आलेल्या गाडीला कुणी शिव्या देत न्हाय."

माझ्या घरातसुद्धा हा रोग शिरला होता. बायको माहेरी निघाली की मी वेळापत्रक बघून सांगायचो, साडेनऊची गाडी आहे. ती पिशवी उचलत म्हणायची, "बरं. आप्पांना विचारते." मी वर्गात प्रकाशाचा वेग शिकवणारा माणूस. माझ्या शब्दावर ही बाई कुर्डुवाडीपर्यंत जायला तयार नव्हती.

मंगळाचं प्रकरण असं झालं. परदेशातल्या कुण्या गडगंज माणसानं पेपरात जाहीर केलं की थोड्याच वर्षांत तो मंगळावर माणसं उतरवणार. स्टँडसमोरच्या हॉटेलात त्यावर बोलणं निघालं आणि मी संधी साधली. चहाचा कप म्हणजे सूर्य, बटर म्हणजे पृथ्वी, खारी म्हणजे मंगळ. मी पृथ्वी फिरवली, मंगळ फिरवला. दहा-बारा माणसं गप्प बसून बघत होती. रोज पेपर मोठ्यानं वाचून दाखवणारे जालिंदर नाना तर तोंड उघडं ठेवून बघत होते. माझ्या आयुष्यातली ती सर्वोत्तम पंधरा मिनिटं. शेवटी मी म्हणालो, "तर असा हा मंगळ. आहेत काही शंका?"

नाना म्हणाले, "माणूस मंगळावर जायाचा तवा जाईल, सर. मंगळ तर माझ्या पोरीच्या पत्रिकेत येऊन बसलाय."

हशा झाला. तोही मी सोसला असता. पण नाना उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "सरांनी लई झ्याक सांगितलं. पण पोचणार कवा, ते आप्पालाच इचारू." आणि सगळेच्या सगळे रस्ता ओलांडून स्टँडवर गेले. मागं राहिलो मी, आणि सूर्यात पडून विरघळलेला मंगळ.

मीही गेलो. जाणं भाग होतं. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, आणि मलाच विचारलं, "रस्ता किती दिवसाचा?"

"सात-आठ महिने."

"रोज सुटते?"

"नाही. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी आले की. सव्वीस महिन्यांतून एकदा."

"चुकली तर सव्वीस महिने बसा म्हणा की. परतीची?"

"लगेच नाही. तिथंच वर्ष-दीड वर्ष थांबायचं, मग निघायचं."

"म्हंजे मुक्कामी गाडी." आप्पांचा चेहरा गंभीर झाला. मुक्कामी गाडी हा त्यांच्या धर्माचा विषय होता. गावात रात्री थांबून सकाळी परत निघणारी गाडी सोडायच्या आधी ते चौकशी करायचे, ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला जागा आहे का, प्यायला पाणी आहे का, भाकरी कोण देणार. ते ठरल्याशिवाय गाडी हलायची नाही.

"चंद्रावर तर गेले की माणसं," नाना म्हणाले.

"चंद्र म्हंजे बार्शी, नाना. सकाळी गेलं, कापड घेतलं, संध्याकाळी घरी. हे तसं न्हाय. तिथं पाणी कोण भरणार? परतीचं डिझेल कुठाय? आधी एक रिकामी गाडी तिथं जाऊन, मुक्काम करून, धडधाकट परत आली पायजे. आली का, सर?"

"नाही अजून."

"मग त्याच्या म्होरं मोजा. ती एक खेप. मग सामानाच्या दोन-चार. त्यातल्या एक-दोन चुकणार, एक-दोन बंद पडणार. दर येळी सव्वीस महिने. वर तो शेठ सांगतोय त्याच्या दुप्पट धरा, कारण ज्याची गाडी असती तो कधीच खरी वेळ सांगत न्हाय." असं म्हणून त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: मंगळ, २०६१, पावसाळा सरल्यावर.

मला ते पटलं. हीच तर खरी आग होती. बाहेरून मात्र मी खो खो हसलो आणि म्हणालो, "माझं उत्तर २०३३. लागली पैज!" पैज अशी ठरली, की जो हरेल त्यानं स्टँडच्या माइकवरून सगळ्या गावाला सांगायचं, 'माझा अंदाज चुकला.' २०३३ हे वर्ष मी कुठल्या गणितानं काढलं, ते आता सांगायला हरकत नाही. तोपर्यंत आप्पा हयात असतील, आणि माइकवरचं त्यांचं ते वाक्य ऐकायला माझे कान शाबूत असतील. एवढंच गणित.

"पण आप्पा, २०६१ ला तुम्ही कुठं असणार?" मी चिमटा काढला. "तुम्ही जिंकलात हे तुम्हाला कळणार कसं?"

त्यांनी हातावरचा खडू झटकला. "कंट्रोलर गाडी लावतो, सर. गाडीत बसत न्हाय."

मग मी दुर्बीण आणली. पुण्याहून, बायकोला न सांगता. मंगळ जवळ आला होता, त्या दिवसांत मी गावाला दिवेलागणीला किल्ल्याच्या बुरुजावर बोलावलं. माणसं आली. एकेकानं डोळा लावला. तांबूस ठिपका, शेंगदाण्याच्या टरफलाएवढासुद्धा नाही. नानांनी बराच वेळ बघितलं, डोळा चोळला आणि उसासा टाकून म्हणाले, "एवढं लांब? मग आप्पा बरोबर सांगतोय." माझ्या दुर्बिणीतून आप्पा जिंकले. ते स्वतः आलेही नव्हते. त्यांची ड्यूटी होती.

त्यांची एक चूक पकडायची हा मग माझा एककलमी कार्यक्रम झाला. मी त्यांच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसायचो, ते सांगतील ती वेळ ऐकायची आणि घड्याळ बघायचं. बघता बघता बोलणं व्हायचं. मंगळावर हवा का विरळ, ते मी सांगायचो. विरळ हवेत भाकरी फुगेल का, ते आप्पा विचारायचे. असे उन्हाळे गेले, उसाचे हंगाम गेले, सोनारीच्या यात्रेच्या जादा गाड्या गेल्या. चूक सापडेना.

आणि एकदा सापडली! मला बार्शीला जायचं होतं. आप्पा म्हणाले, "साडेपाच." मी निवांत टेकलो, आणि पाचलाच गाडी फाटकात. मी स्टूल पाडून उठलो. "चुकलात! आप्पा, अर्ध्या तासानं चुकलात!"

"चुकलो न्हाय, सर," ते पावती फाडतात तितक्या शांतपणे म्हणाले. "बाकीच्यांना पाचच सांगितलं हुतं. तुम्हाला साडेपाच सांगितलं. खरी येळ सांगितली की तुम्ही अर्धा तास आधीच उठून फाटकापाशी जाऊन उभं राहता. बोलणं अर्धंच राहतं."

मी गाडीत जाऊन बसलो. बार्शी येईपर्यंत मला राग येत होता. एवढ्या वर्षांत एक चूक मिळाली, आणि तीही चूक निघाली नाही.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा निवृत्त झाले. गावी, उमरग्याकडं भावाजवळ जाऊन राहायचं ठरलं. स्टँडवर शाल, नारळ, पेढे आणि माझं भाषण, असा कार्यक्रम होता. त्याच सुमारास त्या परदेशी शेठनं मंगळाची तारीख आणखी पुढं ढकलल्याची बातमी आली होती. नानांनी ती सकाळीच मोठ्यानं, दोनदा वाचून दाखवली होती.

आप्पा प्रथमच प्रवाशांच्या बाकावर बसले होते. मांडीवर शाल, पायाशी ट्रंक. त्यांच्या खुर्चीत नवा कंट्रोलर होता, चुणचुणीत, हातात मोबाइल. कुणीतरी विचारलं, "उमरगा गाडी कधी?" तो मोबाइलमध्ये बघून म्हणाला, "माहीत नाही."

असं उत्तर तिथं कुणी ऐकलंच नव्हतं. मग नाना माझ्याकडं वळले, त्यांच्यामागं सगळा स्टँड वळला. "सर," नाना म्हणाले, "आता तुम्हीच सांगा."

एवढ्या वर्षांनी! भाषणासाठी माइक माझ्या हातातच होता. मी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला. नुकत्याच आलेल्या बार्शीच्या ड्रायव्हरला विचारलं, "वाटेत काय आहे?"

"काय न्हाय, सर. रस्ता मोकळा. उमरगा गाडी माझ्या मागंच हाय."

मी बाकावरच्या आप्पांकडं बघितलं. उद्यापासून उमरग्याकडच्या कुठल्यातरी पारावर हे बसणार. कुणीतरी परका माणूस यांच्याशेजारी टेकणार, काहीबाही विचारणार, आणि हे चष्मा पुसून त्याला उत्तर देणार. फुकट. त्या माणसाचं तोंडही मी बघितलेलं नाही, पण एवढा तर मी आप्पांवरही कधी जळलो नव्हतो.

मी माइक तोंडाजवळ घेतला आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, "उमरगा गाडीला अजून दोन तास आहेत."

गावानं मानलं! माणसं खाली टेकली. चहा सांगितला गेला. नानांनी चपला काढून मांडी घातली. आप्पांनी मात्र मान वर करून माझ्याकडं बघितलं, मग बार्शीच्या ड्रायव्हरकडं बघितलं, आणि हळूच म्हणाले, "दोन तास? बरतद, सर, बरतद."

एवढ्यात फाटकातून हॉर्न वाजला. गाडीच्या कपाळावर ठसठशीत अक्षरांत 'उमरगा'.

सगळा स्टँड हसला. नवा कंट्रोलरही हसला. आप्पा उठले, नानांनी ट्रंक उचलली, आणि जाता जाता आप्पांनी माझ्या हातातल्या माइककडं बोट दाखवलं. पैजेचं वाक्य. खरं तर ती मंगळाची पैज होती, पण मी हरलो होतो हे दोघांनाही कळत होतं. फक्त तीन शब्द म्हणायचे होते. आप्पांनी पायरीवर पाय ठेवला, मी तोंड उघडलं, आणि चारही भोंग्यांतून पार किल्ल्याच्या खंदकापर्यंत ऐकू गेलं ते हे:

"आप्पा, बसू नका! ही तुमची गाडी न्हाय!"