वैनींच्या गोळ्या आणि माझी अक्कल

शाळा तपासायला साहेब आले होते आणि मी मुलांकडून नद्यांची नावं म्हणवून घेत होतो, तेवढ्यात हिर्डोशीहून आमचा शेजारी धोंडू दारात येऊन उभा राहिला. वहाणा हातात, डोक्यावर घोंगडी. "मास्तर, तुमच्या वैनी गेल्या," तो म्हणाला. "राती निजल्या त्या उठल्याच न्हाईत." साहेबांनी माझ्याकडे बघून पुढची नदी विचारली आणि मी ती सांगितलीसुद्धा... दीड महिना झाला. त्या घटकेला माझ्या तोंडातून नदीचं नाव कसं निघालं, याची मला अजून लाज वाटते. पण माझ्या लाजिरवाण्या गोष्टींत तिचा नंबर फार खालचा लागेल. वरच्या नंबरच्या पुढे सांगतो.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. लग्न होऊन भाटघरकडून हिर्डोशीला आल्या तेव्हा मी अंगात सदरा घालायलाही कां-कूं करणारा पोर होतो. त्यांचा आवाज असा खणखणीत, की वरच्या खाचरातून त्यांनी हाक मारली की ओढ्यापलीकडची गुरं माना वर करायची. आमच्याकडे भातलावणीला इर्जिक असते. आज सगळ्यांनी मिळून एकाचं शेत लावायचं, उद्या दुसऱ्याचं. चिखलात बायका एका ओळीत वाकून मागे मागे सरकत लावत जातात. त्या ओळीत वैनी सगळ्यांच्या आधी बांधाला पाय लावायच्या आणि कंबरेवर हात ठेवून म्हणायच्या, "या गं बायांनो सावकाश, म्या तवर इसावा घेते."

मग दोन-तीन वर्षांत त्या ओळीत मागे पडू लागल्या. आधी एका हाताने, मग अर्ध्या खाचराने. चेहरा सुजला, भुवया विरळ झाल्या, आवाज घोगरा झाला. वैशाखात घोंगडी पांघरून बसू लागल्या. भाकरी थापताना हात मध्येच थांबायचा, जणू पुढे काय करायचं ते हातच विसरला. गावाने निदान करून टाकलं, बाई आळसावली. आणि गावात चार बुकं शिकलेला एकमेव विद्वान, म्हणजे अस्मादिक, काय म्हणाला असेल? मी त्यांना 'गोगलगाय' म्हणू लागलो. सगळ्या बायका हसल्या. वैनीही हसल्या, पण त्या हसल्या तेव्हा बाकीच्यांचं हसून संपलं होतं. एवढी मंद चाल झाली होती त्यांची... आणि मी त्यातही विनोद केला.

शेवटी एकदा न्हाणीत चक्कर येऊन पडल्या, तेव्हा दादाने हात टेकले आणि मी त्यांना मोटारीने पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गळा चाचपला, जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरली आणि मला म्हणाले, "आळशी नाहीत या. गळ्यात एक ग्रंथी असते, ती अंगाला ऊब आणि चाल देते. यांची वाळलीय." त्यांनी गोळ्या दिल्या, रोज घ्यायच्या, जन्मभर. वैनी बाहेर बाकावर टेकल्यावर डॉक्टरांनी मला हळूच सांगितलं, की त्या गोळ्या मेंढराच्या गळ्यातली तीच ग्रंथी वाळवून केलेल्या असतात. आमचं घर माळकरी. म्हटलं, हे पोटात ठेवावं.

चार महिन्यांत आमच्या जुन्या वैनी परत आल्या. दुसरा शब्द नाही मला. सूज उतरली, भुवया भरल्या, घोंगडी दांडीवर गेली. पुढच्या लावणीला त्या पहिल्या आल्या नाहीत, पण तिसऱ्या आल्या, आणि बांधावरून मला ओरडून म्हणाल्या, "भावजी, गोगलगाईला शिंगं फुटली बघा."

आता माझ्या पोटात गोष्ट किती दिवस राहणार? एका एकादशीला आमच्या ओसरीवर भजन होतं. भजन संपल्यावर कुणीतरी विचारलं, वैनींना गुण कशाने आला? झालं. चाळीस माळकऱ्यांपुढे, एकादशीच्या दिवशी, हा दीडशहाणा मेंढराचा गळा, त्यातली ग्रंथी, ती वाळवायची पद्धत असं सगळं हातवारे करून समजावून देऊ लागला. निम्म्यात आलो तेव्हा लक्षात आलं की ओसरीवर कुणी खोकतही नाही.

दादा उठला, फडताळातली बाटली काढली आणि उकिरड्यात रिकामी केली. भजनाला आलेल्या बुवांनी वैनींच्या गळ्यातली माळ उतरवून घेतली. पंचगव्य दिलं, उपास सांगितले. एवढा वेळ ज्या पखवाजावर या मंडळींनी थापा मारल्या, त्याच्या दोन्ही तोंडांना बकऱ्याचंच कातडं ताणलेलं होतं. तो बुवांच्या मांडीवर होता. त्याला कुणी पंचगव्य पाजलं नाही. हे मला तेव्हा दिसलं होतं, पण बोललो नाही. नको तिथे तोंड उघडायचं आणि हवं तिथे मिटायचं, ही विद्या मी शिकवायला कुणी नसतानाही शिकलो आहे. आणि वैनी? त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एवढ्या चाळीस जणांत त्यांना एकानेही विचारलं नाही, बाई, तुझं काय म्हणणं आहे.

मग मी प्रायश्चित्त म्हणून आणखी एक गाढवपणा केला. वर्तमानपत्रात जाहिरात आली होती, दर्यातल्या शेवाळाची भुकटी, संपूर्ण शाकाहारी, गळ्याच्या सर्व विकारांवर अचूक. शेजारी एका बाईचं चित्र, आधी सुजलेली, नंतर हसरी. मी टपालाने डबे मागवले. डॉक्टरांना कळवलं, तर त्यांचं कार्ड आलं, "शेवाळात आयोडीन असतं, ज्यांना ते कमी पडतं त्यांना उपयोग होईल. यांची चूलच विझली आहे. नुसती लाकडं रचून भाकरी भाजत नाही." मी म्हटलं, डॉक्टरला आपलं गिऱ्हाईक जाण्याचं दुःख. दोन वर्षं मी डबे पाठवत राहिलो. वैनी ती खारट भुकटी पाण्यातून घ्यायच्या आणि मी गेलो की म्हणायच्या, "आज बरं वाटतंय." मला खरंच बरं दिसायचं. त्या चित्रकाराला, ते चित्र छापणाऱ्याला आणि डबे भरणाऱ्याला एकदा हिर्डोशीला आणून वैनींपुढे बसवायला हवं होतं. पाठोपाठ मलाही.

माघाच्या सुरुवातीला शेवटचा गेलो. वैनींचा एकेक शब्द वाट बघायला लावत होता. म्हणाल्या, "भावजी... त्या गोळ्या... अजून मिळत्यात का?"

मी म्हटलं, "वैनी, त्या मेंढराच्या असतात."

"ठावं हाय. पयल्याच दिशी वासावरनं वळखलं म्या. माहेरी खायचो की आमी."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणी इचारलंच न्हाई," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आणतो. लगेच निघायला हवं होतं. पण शाळेची तपासणी तोंडावर आली होती, म्हणून म्हटलं, ती उरकली की पुण्याला जाऊ. पुढचं सांगितलंच आहे.

तेराव्याला बुवांनी वैनींच्या सोशिकपणावर तासभर निरूपण केलं. मी उठून परड्यात गेलो. तिथे गोठ्यामागे एक सपाट दगड आहे. दिवसभर ऊन सरकेल तशा वैनी त्याच्यावर या कडेहून त्या कडेला सरकायच्या, त्यामुळे तो मधोमध गुळगुळीत झाला आहे. त्या दिवशी त्यावर धोंडूची सून बसली होती. फाल्गुन लागला तरी अंगभर लुगडं लपेटून, चेहरा जरा सुजलेला. आत तिची सासू कुणाला तरी सांगत होती, पोरगी कामचुकार निघाली.

मी तिच्यासमोर खाली मातीत बसलो. पुण्याचे डॉक्टर, गोळ्या, मेंढरू, सगळं तिला सांगितलं, एकटीला, हळू आवाजात. मग विचारलं, "पोरी, घेशील का?"

तिने माझ्याकडे बघितलं. उत्तर यायला वेळ लागला. मी थांबलो.

"व्हय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळा बंद ठेवून मी तिला पुण्याच्या मोटारीत बसवलं.