दुर्बिणीखालची अक्षत

दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नेम चुकायला लागला त्या हिवाळ्यात आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. संस्थान नुकतंच मध्य भारतात विलीन झालं होतं. दादा संस्थानाच्या शिकारखान्यात. उज्जैनच्या आसपास पिकं नासवणारी हरणं, डुकरं, कधी एखादा बिबट्या, हे त्यांचं काम. नव्या सरकारला शिकारखान्याचं लोढणं नको होतं. जंगल खात्यात एकच माणूस घेणार होते, तोही साहेबासमोर नेम दाखवून. बाकीच्यांनी घरी बसायचं. "अरे भई, माझ्यापुढे आहे कोण?" असं दादा मिशीत हसत म्हणायचे, आणि खरंच कुणी नव्हतं.

रायफल लांब पल्ल्याची. तिच्यावरची दुर्बीण एरवी चामडी डब्यात असे. कामाच्या वेळी तिचे दोन पाय नळीवरच्या दोन खाचांत बसवायचे आणि खटका लावायचा. दादा नळी रोज साफ करत, पण खाचांना हात लावत नसत. कारण खंडेनवमीला आई रायफलीची पूजा करी, आणि पूजेचं हळदीकुंकू पुसायचं नाही, ते आपोआप झडलं पाहिजे, असा आमच्याकडे दंडक. त्या वर्षी नोकरीच्या धास्तीनं आईनं जरा जास्तच मनापासून पूजा केली. दुर्बीणसुद्धा डब्यातून काढून पाटावर मांडली, तेलाचं बोट फिरवलं, मूठभर अक्षता टाकल्या.

त्यानंतर गोळ्या भरकटायला लागल्या. भैरवगढला कापड छापणाऱ्यांकडून दादा वाया गेलेलं कापड आणत, ते नदीपलीकडच्या दरडीला ठोकत आणि मधल्या बुट्ट्यावर नेम धरत. भोकं बघून ओरडून सांगायला मी. मॅट्रिक होऊन घरीच होते, आणि त्यांना एकटं सोडायला आई तयार नसे.

"वर गेली, दादा!"

"किती?"

"हातभर!"

त्यांनी काय करायचं बाकी ठेवलं? काडतुसं दमट असतील म्हणून नवीन खोका फोडला. नळीत उकळतं पाणी ओतून फलाणीनं घासली. पेचकसानं झाडून सगळे पेच आवळले. हात हलत असेल म्हणून वाळूच्या बोरीवर रायफल टेकवली. दुर्बीण काढून पुन्हा बसवली की सगळ्या गोळ्या डावीकडे, पुन्हा काढून बसवली की वर. दुर्बिणीशिवाय बघावं तर नळीवरची माशी, म्हणजे नेम धरायचा दाणा, इतक्या जवळून त्यांना वयामुळे पुसट दिसे, त्यामुळे काहीच ठरेना. शेवटी कापडाची घडी घालत म्हणाले, "सगळं बदलून पाहिलं. न बदललेला मी एकटाच. डोळे गेले माझे, बस."

मी म्हटलं, "काहीतरीच काय!" आणि घडी त्यांच्या हातून घेतली.

साहेब आला. शेताच्या कडेला काळवीट उभं होतं, दादांच्या डाव्या हातचा मळ. गोळी मागच्या पायावर बसली आणि ते लंगडत तुरीत शिरलं. अंधार पडेपर्यंत दादा शोधत फिरले. सापडलं नाही. साहेब भला माणूस, पुन्हा एकदा बघू म्हणाला. पण जनावर जखमी सोडून आलेल्या माणसाला पुन्हा कसली संधी, असं म्हणून दादांनी स्वतःच राजीनामा लिहून दिला. जागा दुसऱ्याला गेली.

आईनं रामघाटावर जाऊन सूर्याला अर्घ्य दिलं आणि नवस बोलली: ह्यांना लांबचं स्वच्छ दिसायला लागेपर्यंत रविवारी मिठाला शिवणार नाही.

सरकारी रायफल परत करायची होती. द्यायची ती लखलखीत, म्हणून दादांनी पहिल्यांदाच त्या खाचा साफ करायला घेतल्या. आईची गोधडीची सुई घेऊन मागची खाच कोरू लागले. आधी लाल खपली निघाली, तेलात घट्ट झालेलं कुंकू. मग तांदळाचा तुकडा. दादांनी तो तळहातावर घेतला आणि रिकाम्या खाचेकडे पाहिलं. पूजेपासून दुर्बिणीचा मागचा पाय त्या अक्षतेवर अधांतरी होता. प्रत्येक वेळी वेगळा बसत होता.

मला असा संताप आला! कुणावर, ते आजही सांगता येत नाही. मी उठलेच, तशी त्यांनी माझं मनगट धरलं. "तिला सांगायचं नाही. मर जाएगी वो." दादा हिंदीत बोलले की पुढे वाद नसे.

मग काय? डोळे गेलेल्या माणसाचं सोंग आयुष्यभर. मध्य प्रदेश झाला, आम्ही उज्जैनच्या फ्रीगंज भागात राहायला आलो. खिडकीतून चौकातल्या टॉवरचं घड्याळ सरळ दिसे, तरी दादा मलाच विचारायचे, "किती वाजले गं?" रविवारी आई अळणी जेवायची आणि दादाही तिच्याबरोबर तेच गिळायचे. खंडेनवमीला आई त्यांचा सोंगापुरता घेतलेला चष्मा पाटावर ठेवून त्याच्यावर अक्षता टाकी. दादा हात जोडून बसत. त्या घरात माझा जीव गुदमरायचा.

आई शेवटच्या आजारात खिडकीशी पडून होती. रविवार होता. दादांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "अगं, बघ तरी! टॉवरचा काटा सहावर टेकतोय. वर एक पारवा बसलाय, मान हलवतोय."

आईचा चेहरा उजळला. "फळला हो माझा नवस," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "पेजेत मीठ घाल गं आज."

मी स्वयंपाकघरात गेले, दादा मागोमाग आले. मी फाडकन म्हटलं, "इतकी वर्षं कुठं होता हा पारवा? तोंडातली चव घालवलीत तिच्या!"

"आधी बोललो असतो तर तिनं लगेच विचारलं असतं, गेलेले डोळे असे परत येतात का? गेलेच नव्हते, तर मग तेव्हा नेम का चुकला? सोंग जमतं, पण तिनं समोरून विचारलं की मला खोटं बोलता येत नाही." दादा चुलीकडे बघत होते. "आता तिच्यात विचारायची ताकद नाही."

मी पेज नेली. आईनं पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "खारट झाली गं," ती म्हणाली, आणि वाटी रिकामी होईपर्यंत मला ती बाजूला ठेवू दिली नाही.