बासष्टाव्या वर्षी पाण्यात

नलिनी कळंबे मॅडम निवृत्त झाल्या, त्या दिवशी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या आमच्या शाळेत निरोप समारंभ होता. मी त्याच शाळेत गणित शिकवते, म्हणून पुढच्याच रांगेत बसले होते. शाल झाली, श्रीफळ झालं, दोन लांबलचक भाषणं झाली. मग मॅडमचा एक जुना विद्यार्थी बोलायला उठला. पंकज त्याचं नाव. पांढुर्ण्याला त्याचं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे.

"सातवीत मॅडम आम्हाला वस्तू पाण्यावर का तरंगते ते शिकवत होत्या," तो म्हणाला. "पुस्तक हिंदीत, समजावणं मराठीत. मी उभं राहून विचारलं, मॅडम, तुम्हाले पोहता येते का? मॅडम म्हणाल्या, येते की. मीही आधी भीत होते, पण शिकले. त्या उन्हाळ्यात मी मामाच्या गावी विहिरीत पोहायला शिकलो. आज माझ्या दोन्ही पोरी पोहतात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमनी पदर डोळ्यांना लावला. आम्हाला वाटलं, गहिवरून आलं असेल.

खरी गोष्ट मला पुढे त्यांनीच सांगितली. त्यांना पोहता येत नव्हतं. येणं तर सोडाच, वयाच्या नवव्या वर्षापासून त्या घोट्याच्या वर पाण्यात उतरल्या नव्हत्या. सावरगावला आजोळी पाणी शेंदताना त्यांचा पाय घसरला आणि त्या विहिरीत पडल्या. हाताला दोर लागला, त्याला लटकून राहिल्या. मामा धावत आला तोवर किती वेळ गेला, ते त्यांना आजही सांगता येत नाही. तेव्हापासून आजोळी जाताना जाम नदीचा पूल आला की नलिनी डोळे गच्च मिटून घ्यायची. डोक्यावरून अंघोळ करताना मात्र डोळे उघडे ठेवायची, साबण गेला तरी चालेल. पुढे लग्न झालं, मुलं झाली. सगळे मिळून कुठे नदीकाठी गेले की चपला आणि पिशव्या सांभाळायचं काम ठरलेलं, आणि ते नलिनीचं.

वर्गात पंकजने विचारलं तेव्हा चाळीस मुलं त्यांच्याकडे बघत होती. तोंडातून "येते की" निघून गेलं. पुढचं वाक्य ते पहिलं झाकायला आलं.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पंकजला फोन लावला.

"पंकज, मी तेव्हा खोटं बोलले होते. मला पोहता येत नाही. पाण्याची मला फार भीती वाटते."

पलीकडे तो खो खो हसला. "मॅडम, तुम्ही खोटं बोलल्या आणि मी शिकून बसलो! आता सुट्टीच आहे ना तुम्हाले? मग शिकून घ्या."

तो सहज बोलून गेला. मॅडमनी फोन ठेवला, चहा केला आणि नवऱ्याच्या हातात कप देत म्हणाल्या, "मी पोहायला शिकणार आहे."

रघुनाथराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. सावकाश बोलणारे, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. त्यांनी पेपर खाली ठेवला. "कुठे?"

"भैय्याजींच्या विहिरीत."

भैय्याजी म्हणजे रघुनाथरावांचे चुलतभाऊ. सौंसरहून तीन किलोमीटरवर त्यांची संत्र्याची बाग आणि बागेत पायऱ्यांची मोठी विहीर. त्याच बागेत अंबाबाई कामाला होत्या. वय पासष्टच्या पुढे, अंगाने काटक. त्यांचे वडील गावोगाव विहिरी खोदायचे, त्यामुळे अंबाबाई चालायला आणि पोहायला जवळजवळ एकदमच शिकल्या होत्या. बागेच्या आसपासच्या दोन पिढ्यांच्या पोरांना त्यांनी पाण्यात ढकललं होतं.

मॅडम समोर उभ्या राहिल्या तेव्हा अंबाबाई संत्री निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भेव वाटते काय, मास्तरीणबाई?"

"खूप."

"मंग जमते. उद्या येजा. अन् ते भेव घरी ठेवून येऊ नका, संगं आणा."

मॅडमना ते बोलणं काही कळलं नाही. त्या बाजारात गेल्या आणि आयुष्यातला पहिला सलवार-कुर्ता विकत आणला. दुकानदार त्यांचाच विद्यार्थी निघाला. "मॅडम, मुलीसाठी का?" त्याने विचारलं. "माझ्यासाठी," मॅडम म्हणाल्या, आणि तो बिचारा माप विचारायचंच विसरला.

पहिले तीन दिवस त्या फक्त पायरीवर बसल्या. पहिल्या दिवशी पाण्यापासून दोन पायऱ्या वर. दुसऱ्या दिवशी पावलं पाण्यात. तिसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत. अंबाबाई पाण्यात पाठीवर पडून राहायच्या आणि गप्पा मारायच्या, जणू बाजेवर पडल्या आहेत. वर काठावर रघुनाथराव खुर्ची टाकून बसायचे. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात दोर. दोराचं दुसरं टोक मॅडमच्या कमरेला.

"अहो, मी पायरीवर बसले आहे," मॅडम खालून ओरडायच्या. "दोर कशाला ओढता?"

"वारा आहे," रघुनाथराव वरून सांगायचे.

पाचव्या दिवशी अंबाबाईंनी तेलाच्या दोन रिकाम्या कॅना मॅडमच्या पाठीला बांधल्या आणि त्यांना पाण्यात घेतलं. मॅडमनी अशी किंकाळी फोडली की बागेतल्या बाया काम टाकून विहिरीवर आल्या. पण मॅडम बुडाल्या नाहीत. कॅनांनी त्यांना वर धरलं. किंकाळी संपली, श्वास परत आला आणि त्या बघतात तर त्या तरंगत होत्या. "अंबाबाई," त्या हळूच म्हणाल्या, "हे मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहून शिकवलं हो!" काठावरच्या बायांना त्यातलं काही कळलं नाही, पण मॅडम हसत सुटल्या तशा त्याही हसल्या.

पुढचे दहा-बारा दिवस मजेत गेले. हातपाय कसे मारायचे ते जमू लागलं. सतराव्या दिवशी अंबाबाईंनी कॅना सोडल्या.

मॅडम सरळ खाली गेल्या. नाकातोंडात पाणी. कानात तो नऊ वर्षांच्या वयातला आवाज, विहिरीत घुमणारा, जो आपण विसरलो असं त्यांना वाटलं होतं. अंबाबाईंनी दंडाला धरून दोन क्षणांत वर काढलं, रघुनाथरावांनी वरून दोर ओढला तो वेगळाच. मॅडम पायरीवर बसून खोकल्या, मग रडल्या. मग उठून म्हणाल्या, "झालं माझं. पुरे."

अंबाबाईंनी कॅना उचलल्या आणि वरच्या पायरीवर नेऊन ठेवल्या.

चार दिवस मॅडम गेल्या नाहीत. घरात पापड केले, कपाटं आवरली, आधीच आवरलेली परत आवरली. मी त्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले होते. मला म्हणाल्या, "अमिता, काही गोष्टी वेळेवरच कराव्या लागतात. आता माझं वय नाही." मीही मान डोलावली. आज वाटतं, डोलवायला नको होती.

पाचव्या दिवशी सकाळी दारात अंबाबाई उभ्या. गालाला फडकं बांधलेलं, एक गाल टम्म सुजलेला.

"तुमाले बोलवाले नाही आली, मास्तरीणबाई. माही दाढ घेऊन आली."

"किती दिवसांपासून दुखते?"

"तीन वर्सं होऊन रायले."

"अंबाबाई! दाखवलं का नाही?"

अंबाबाईंनी नजर खाली घातली. "पांढुर्ण्याले दोनदा गेली व्हती. डाक्टरच्या दारापोतर गेली. आतून त्या मशीनचा आवाज आला, अन् माहे पायच उचलेना. भजे खाऊन वापस आली."

रघुनाथराव पेपरामागे हसले. मॅडमना मात्र हसू आलं नाही. उघड्या विहिरीत डोळे मिटून उडी घेणारी ही बाई दातांच्या डॉक्टरला भिते, हे त्यांच्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला. त्यांनी पर्स उचलली. "चला, बस आहे आत्ता."

पांढुर्ण्याच्या दवाखान्यात अंबाबाई त्या मागे कलणाऱ्या खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांचे गुडघे थडथड उडत होते. मॅडमचा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला. डॉक्टर तुषार तरुण आणि प्रेमळ. म्हणाले, "आजी, घाबरू नका."

"भेव तर वाटनच ना, बापू," अंबाबाई म्हणाल्या. "ते काही जात नाही. तू तुहं काम कर." आणि त्यांनी डोळे उघडे ठेवून तोंड उघडलं.

मॅडम सांगतात, "मला तिथे कळलं. मी इतकी वर्षं वाट बघत बसले होते की भीती जाईल आणि मग मी पाण्यात उतरेन. आणि इथे ही बाई थरथरते आहे आणि त्याच वेळी तोंड उघडून बसली आहे. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

दाढ निघाली. परत येताना बसमध्ये अंबाबाईंच्या तोंडात कापूस, त्यामुळे बोलता येईना. मॅडमच बोलत होत्या. सौंसर आलं तेव्हा म्हणाल्या, "उद्या सकाळी येते मी." अंबाबाईंनी कापसातूनच काहीतरी उत्तर दिलं. ते "या" असावं असं मॅडमनी धरलं.

दुसऱ्या दिवशी कॅना नव्हत्या. मॅडम पायरीवर उभ्या राहिल्या. त्यांनी मोठ्याने सांगितलं, "मला भीती वाटते आहे." पाण्यातून अंबाबाई म्हणाल्या, "आयकलं. या आता." मॅडम उतरल्या. एकदा खाली गेल्या, वर आल्या. पुन्हा खाली, पुन्हा वर. नाकात पाणी गेलं, पण या वेळी त्या पायरीकडे वळल्या नाहीत. हात मारत राहिल्या. आठ दिवस हेच. रोज थोडं कमी बुडणं, रोज थोडं जास्त तरंगणं. घरी आल्यावर खांदे इतके दुखायचे की वेणी रघुनाथराव घालून द्यायचे, आणि ती वेणी बघून शेजारीपाजारी सगळं समजून जायचे.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी मुद्दाम बघायला गेले. विहीर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत असेल पंचवीस-तीस फूट. मॅडम पायरीवरून निघाल्या. हात वेडेवाकडे, मान ताठ, तोंडाने मोठ्यांदा "एक, दोन, एक, दोन". मध्यावर थोड्या अडखळल्या. अंबाबाई बाजूला होत्या, पण त्यांनी हात लावला नाही. वर रघुनाथराव उभे राहिले होते, पेपर कधीच पाण्यात पडला होता. आणि मग मॅडमचा हात समोरच्या दगडाला लागला.

मॅडम त्या दगडाला धरून अशा खदखदून हसल्या की सबंध विहीर हसतेय असं वाटलं. काठावरच्या बायांनी टाळ्या पिटल्या. रघुनाथरावांनी काठावरून वाकून पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "नलू, दोर सुटला गं कमरेचा!" दोर खरंच सुटला होता, केव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं.

भैय्याजींनी त्या दिवशी सगळ्यांना जेवू घातलं. बेसनाची पाटोडी, भाकर आणि बागेतली उरलीसुरली संत्री. अंबाबाई एकाच बाजूने चावत होत्या आणि मॅडमपेक्षा जास्त बोलत होत्या.

याला आता दोन वर्षं झाली. मॅडमची भीती गेली का? नाही. पायरीवर उभ्या राहिल्या की ती अजूनही येते, असं त्याच सांगतात. पण त्यांना ती आता ओळखीची झाली आहे. तीच सांगते, आधी खोली बघ, खाली दगड आहे का बघ, एकटी उतरू नकोस. अंबाबाईंचा धाकटा भाऊ कशालाच भीत नसे. अनोळखी विहिरीत उडी मारून त्याने मांडी मोडून घेतली, अजूनही लंगडत चालतो. अंबाबाई ही गोष्ट दर उन्हाळ्यात एकदा सांगतात.

दर उन्हाळ्यात म्हणते, कारण आता त्या दोघी मिळून शिकवतात. यंदा आम्ही सातजणी होतो. मी होते, बँकेतल्या सुचिता होत्या, बागेत कामाला येणाऱ्या तिघी, किराणा दुकानवाल्या कुसुमकाकू, आणि कॉलेजात जाणारी पूनम. पहिल्या दिवशी पूनम ओढणी कमरेला खोचून थेट काठावर गेली.

"मॅडम, मले बिलकुल भेव नाही वाटत. मारू उडी?"

"मागे हो," मॅडम म्हणाल्या. वर्गातला आवाज. "आज तू पायरीवर बसायचं. इतरांकडे बघायचं."

पूनम फुगून बसली. तासभर तिने बघितलं: माझं नाकात पाणी जाणं, कुसुमकाकूंनी कॅन घट्ट कवटाळून देवांची नावं घेणं, सुचितांचं एकदम खाली जाऊन अंबाबाईंच्या हाताने वर येणं. आम्ही बाहेर आलो तेव्हा ती पाण्याकडे टक लावून बघत होती. तळ दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. चेहरा उतरलेला.

"मॅडम," ती म्हणाली, "रातभर विचार करून राहिली मी. हे तर बहुत खोल आहे ना?"

"वीस फूट," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तिच्या पाठीला कॅना बांधल्या, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि तिचा हात धरून तिच्यासोबत पहिल्या पायरीवर उतरल्या.